मागे मावणारी मुलं

गेल्या खेपेला आपण चाकणच्या कांदाबाजारापासून निघून चाकणच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत आलो होतो. शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं, "सर, गाड्या बनवणाऱ्यांचा इतिहास सांगितलात, गाडीत बसणाऱ्यांचा कधी सांगणार?" प्रश्न रास्त होता. म्हणून आज आपण कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडू आणि बाहेर पडणाऱ्या गाडीच्या पाठीमागे बसू. तेही मुलांबरोबर. कारण जीप म्हणा, ट्रॅक्स म्हणा, सुमो म्हणा, या गाड्यांची मागची जागा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुलांचीच समजली गेली.

आपण बोलताना काय म्हणतो ते आठवा. "मोठी माणसं पुढे बसतील, मुलं मागे मावतील." मोठ्यांना बसणं हे क्रियापद आणि मुलांना मावणं. पोत्यात धान्य मावतं, पेटीत कपडे मावतात. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे शब्दांना चिकटून बसायची आमची जुनी खोड आहे, ती तुम्ही सोसून घ्याल. पण या एका क्रियापदात आजचा सगळा विषय आहे, असं आमचं मत आहे.

आता इतिहासाकडे येऊ. जीप ही लढाईसाठी जन्मलेली गाडी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी ती लाखोंनी बनवली. लढाई संपल्यावर तीच गाडी शेतावर, जंगलखात्यात, सर्वेक्षणात कामाला लागली. आपल्याकडे 1945 साली मुंबईत महिंद्र अँड महंमद नावाची कंपनी निघाली. फाळणीनंतर त्यातले गुलाम महंमद पाकिस्तानात गेले आणि तिथले पहिले अर्थमंत्री झाले. 1948 साली कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं. माझगावला विलीजच्या जीपचे भाग जोडून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे ग्रामविकास अधिकारी, फौजदार, साखर कारखान्याचे संचालक, निवडणुकीचे उमेदवार, सगळे जीपमधून फिरले. महाराष्ट्राच्या ग्रामीण राजकारणाचा इतिहास जीपशिवाय लिहिता येणार नाही, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

आपल्याला हवाय जीपचा मागचा भाग. तिथे समोरासमोर दोन बाकडी असायची, गाडीच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे बसणाऱ्याचं तोंड रस्त्याकडे नव्हे तर समोरच्या माणसाच्या गुडघ्यांकडे. असं का? कारण अगदी साधं आहे. अशा गाडीची मागची चाकं मोठी, आणि त्यांच्यावरचे पत्र्याचे फुगवटे आत शिरलेले. दोन फुगवट्यांच्या मध्ये माणसांची सरळ रांग बसवायला रुंदी पुरत नाही. पण फुगवट्यावरच फळी टाकली, वर गादी ठोकली, की बाकडं आयतं तयार. मधली जागा मोकळी राहते, तिथे दारूगोळा ठेवा, खताची पोती ठेवा, नाहीतर स्टेपनी ठेवा. मागून चढा, मागून उतरा. सैनिकाला झटकन उडी मारून उतरायचं असतं, म्हणून त्याच्यासाठी ही रचना योग्यच होती. ती मुलांसाठी कुणी काढलेली नव्हती.

इंग्लंडातही हेच झालं. 1948 साली आलेल्या लँड रोव्हरच्या मागेही अशीच बाकं होती. पुढे तिची लांब आवृत्ती निघाली, बारा जणांची. तिथे गंमत अशी की बारा आसनं असली की कायद्याच्या लेखी ती मोटार राहत नसे, बस होत असे, आणि मोटारीवरचा खरेदीकर तिला लागत नसे. म्हणजे आसनांची संख्या माणसांच्या सोयीने न ठरता कराच्या सोयीने ठरत होती. ही गोष्ट मुद्दाम सांगतोय, कारण "या गाडीत किती जण बसतात?" हा प्रश्न आपल्याला वाटतो तेवढा निरागस कधीच नव्हता.

आता आपल्या पट्ट्यात येऊ. पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळ आलं, आकुर्डीला बजाज ऑटो आणि बजाज टेंपो आले, 1966 साली टेल्कोने पुण्याचा कारखाना सुरू केला. त्याच वर्षी गाड्यांची तपासणी आणि संशोधन करणारी एआरएआय ही संस्था पुण्यात स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षी भोसरीची सीआयआरटी, म्हणजे रस्ते वाहतुकीची केंद्रीय संस्था. या यादीने तुम्हाला कंटाळा आणायचा हेतू नाही. एवढंच लक्षात घ्या, की वीस-पंचवीस किलोमीटरच्या टापूत गाडी बनवणारे, गाडी तपासणारे आणि गाडीचे नियम लिहिण्यात ज्यांचा हात असतो असे सगळे लोक एकत्र राहतात. त्यांची मुलं एकाच शाळेत जातात. आणि तीच मुलं रविवारी मागच्या बाकड्यावर बसून भीमाशंकरला जात होती.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बजाज टेंपोची ट्रॅक्स आली. 1994 साली टेल्कोची सुमो आली. तिचं नाव जपानी पैलवानांवरून पडलं असं बहुतेकांना वाटतं. खरं म्हणजे ते टेल्कोचे अध्वर्यू सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून आहे. या गाड्यांनी ग्रामीण महाराष्ट्राचा प्रवास बदलला. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी नगर-पुणे रस्त्यावर धावली, तेव्हापासून खेड्याचा प्रवास म्हणजे एसटी हे समीकरण होतं. पण वाडीवस्तीवर एसटी दिवसातून एकदा, फार तर दोनदा. मधल्या वेळात काय? तिथे वडाप आलं. कुठे त्याला वडाप म्हणतात, कुठे काळी-पिवळी. गाडी भरल्याशिवाय हलायची नाही हा तिचा एकमेव नियम. आणि "भरली" म्हणजे किती, हे फक्त ड्रायव्हरला ठाऊक. पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना माणसं, मधल्या रांगेत पाच, मागे बाकड्यांवर आठ, आणि मुलं? मुलं मोजतच नसत. मांडीवर, मधल्या जागेत, स्टेपनीवर.

इथे एसटीचं हाफ तिकीट आठवा. पाच वर्षांखालचं मूल फुकट, पाच ते बारा अर्धं तिकीट. सवलत म्हणून ही चांगलीच गोष्ट आहे, तिच्याविरुद्ध आमचं काही म्हणणं नाही. पण तिकिटाचा हिशोब हळूहळू जागेचा हिशोब झाला. अर्ध्या तिकिटाला अर्धी जागा, फुकट तिकिटाला जागाच नाही. वडापवाल्याने हा हिशोब उचलला, आणि मग आपण आपल्या घरच्या गाडीतही तोच चालवला.

आपण म्हणजे आम्हीसुद्धा. 1996 साली चिंचवडहून आम्ही दोन कुटुंबं एक भाड्याची गाडी करून भीमाशंकरला निघालो होतो. गाडी कोणती ते महत्त्वाचं नाही, मागे समोरासमोर बाकडी असलेली होती. मोठी माणसं पुढे आणि मधे, आणि मागे सहा मुलं. चाकण गेलं, खेड गेलं, चासच्या पुढे रस्ता वळणांचा. मुलं मागे भेंड्या खेळत होती. वाड्याच्या अलीकडे एका वळणावर बैलगाडी आडवी आली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. टक्कर झाली नाही. गाडी थांबली, बैलगाडी निघून गेली, आणि मागून रडण्याचा आवाज आला. सहाही मुलं बाकड्यांवरून घसरत पुढे येऊन एकमेकांवर आदळली होती. सर्वांत पुढे आमची भाची होती, आठ वर्षांची. मधल्या रांगेच्या लोखंडी पाठीवर तिचं तोंड आपटलं, पुढचे दोन दात तुटले. कायमचे दात, दुधाचे नव्हेत.

आम्ही काय म्हणालो? "लहान मुलं आहेत, लागायचंच." रुमाल ओला करून दिला, खेडला परत येऊन डॉक्टरला दाखवलं, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच पद्धतीने लोणावळ्याला गेलो. ती भाची आता अडतीस वर्षांची आहे, तिला चार वर्षांचा मुलगा आहे, आणि ती चाकणला एका कंपनीत गुणवत्ता विभागात काम करते. गेल्या दिवाळीत जेवताना तिने सहज विचारलं, "मामा, त्या वेळी तुम्ही पुढे बसला होतात ना?" सूर चिडका नव्हता. आम्ही होकार दिला आणि भाताकडे बघत राहिलो. हे व्याख्यान त्या प्रश्नातून आलेलं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही.

त्या वळणावर नेमकं काय झालं, ते समजून घेऊ. आपल्या वैशेषिक दर्शनात दोन वस्तू एकत्र असण्याचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक समवाय, म्हणजे न सुटणारा संबंध, जसा वस्त्राचा धाग्यांशी. दुसरा संयोग, म्हणजे आज आहे, उद्या नाही, जसं झाडावर बसलेलं पाखरू. बाकड्यावर बसलेलं मूल आणि गाडी यांचा संबंध निव्वळ संयोगाचा. आपल्याला मात्र गाडी चालू असताना भास होतो की मूल गाडीचाच भाग आहे. वैशेषिकांनी संस्कार नावाचा एक गुण मानला आणि त्याचे तीन प्रकार सांगितले, त्यातला पहिला वेग. म्हणजे गतीत असलेल्या वस्तूत वेग हा संस्कार असतो आणि तो वस्तूला पुढे नेत राहतो. (मुलांवर संस्कार करा असं आम्ही वर्गात खूप सांगितलं, पण हा संस्कार मुलांवर गाडी आपोआप करते.) गाडी थांबली तरी मुलातला वेग थांबत नाही. न्यूटनने हेच अधिक नेमकं, गणितात मांडलं.

गणितात सांगायचं तर ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ 14 मीटर. या वेगाने गाडी भिंतीला धडकली तर आतल्या माणसावर येणारा आघात साधारण दहा मीटर उंचीवरून खाली पडण्याइतका असतो. दहा मीटर म्हणजे तिसऱ्या मजल्याची गच्ची. आपल्यापैकी कुणीही मुलाला तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर बसवून "घट्ट धर हं" असं म्हणणार नाही. धडकेत गाडीचा वेग इतक्या झटक्यात जातो की वीस किलोच्या मुलाचं वजन क्षणभर चारशे ते सहाशे किलो झाल्यासारखं होतं. म्हणून "मांडीवर घेते, धरून ठेवते" या आईच्या शब्दाला माया आहे, पण बळ नाही. पैलवानालाही ते धरवणार नाही.

कडेच्या बाकड्यावर यात आणखी भर पडते. समोर तोंड करून बसलेल्या माणसाला पट्टा खांदा आणि कमरेची हाडं यांच्यावर धरतो, शरीरातले मजबूत भाग तेच. कडेला तोंड करून बसलेल्याचं शरीर समोरच्या धडकेत आडवं फेकलं जातं. त्याला फक्त कमरेचा पट्टा असेल तर कंबर जागेवर राहते आणि वरचं धड बाजूला झुकून पिळलं जातं. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं, मान कोवळी. म्हणूनच मुलांच्या आसनांच्या कंपन्या आपल्या पुस्तिकांत स्पष्ट लिहितात की हे आसन कडेच्या बाकावर लावू नये. युरोपीय संघाने 2005 साली निर्देश काढून नव्या मोटारींमध्ये कडेला तोंड असलेली आसनंच बंद केली. शिवाय आखूड गाडीत मागचं बाकडं अगदी मागच्या दाराला लागून असतं. मागून ट्रक आला तर पत्र्याने चेपायला जागाच उरत नाही. चाकण-तळेगाव रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत अडकलेल्या कुणालाही ही कल्पना वेगळी समजवावी लागणार नाही.

आता कायदा. हा भाग कोरडा आहे, पण खरा पेच इथेच आहे, तेव्हा थोडा धीर धरा.

आपला मोटार वाहन कायदा 1988 चा, आणि केंद्रीय नियम 1989 चे. नव्या गाडीत ड्रायव्हर आणि शेजारचा यांच्यासाठी पट्टा देण्याची सक्ती 1994 पासून आली. पुढे मागच्या आसनांचा समावेश झाला. पट्टा बांधायची जबाबदारी सांगणारा नियम 138, त्याचा तिसरा उपनियम. त्यात ड्रायव्हर येतो, पुढे बसलेला येतो आणि मागच्या "समोर तोंड असलेल्या" आसनांवरचे प्रवासी येतात. समोर तोंड असलेल्या! म्हणजे कडेच्या बाकड्यावर बसलेला माणूस या नियमातून अलगद सुटतो. का सुटतो? कारण नियम लिहिताना विचार आसनापासून सुरू झाला. या आसनाला पट्टा लावता येतो का? येत असेल तर बांधा, नसेल तर सोडून द्या. आसन आधी, माणूस नंतर. सर्वांत धोक्याची जागा ती सर्वांत मोकळी राहिली. हे कुणी मुद्दाम केलं असं आम्ही म्हणत नाही. पण जीपच्या फुगवट्यावर ठोकलेली फळी नियमांच्या पुस्तकापर्यंत अशी येऊन पोचली.

मग 2019 साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि 1 सप्टेंबर 2019 पासून कलम 194 ब लागू झालं. त्याचं दुसरं उपकलम फक्त मुलांबद्दल आहे. चौदा वर्षं पूर्ण न झालेलं मूल पट्ट्याने किंवा मुलांसाठीच्या सुरक्षा-आसनाने बांधलेलं नसेल, आणि अशी गाडी कुणी चालवली किंवा चालवू दिली, तर एक हजार रुपये दंड. इथे आसनाच्या तोंडाचा उल्लेखच नाही. पुढचं, मागचं, कडेचं, काही नाही. विचाराची सुरुवात मुलापासून आहे. हे कलम वाचलं तेव्हा आम्हाला खरोखर बरं वाटलं. आपल्या वाहतुकीच्या कायद्यात मूल पहिल्यांदा अर्धं न राहता पुरं झालं.

दोन्ही एकत्र वाचले तर काय निघतं? आमच्या वाचनाप्रमाणे, पट्टा नसलेल्या कडेच्या बाकड्यावर चाळीस वर्षांचा माणूस पट्ट्याचा नियम न मोडता बसू शकतो, बारा वर्षांची मुलगी बसू शकत नाही. म्हणजे आपल्या घरातली व्यवस्था नेमकी उलटी करायला हवी. मुलं मधे समोर तोंड करून, पट्टा बांधून, आणि मागे मावायचं असेलच तर मामाने मावावं. आता बाकड्याला कमरेचा पट्टा असेल आणि तो मुलाला बांधला, तर कायद्याच्या शब्दात बहुधा बसेल, कारण शब्द "पट्टा" एवढाच आहे. पण धड पिळलं जाण्याचं आपण आत्ताच बोललो. कायद्यात बसणं आणि सुरक्षित असणं या दोन गोष्टी इथे पुन्हा वेगळ्या होतात.

महाराष्ट्राने वाढीव दंड लगेच लागू केले नाहीत. दंड फार जड आहेत अशी ओरड होती, आणि डिसेंबर 2021 उजाडला. मधल्या काळात कलम पुस्तकात होतं, चौकात नव्हतं. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागच्या आसनावर होते आणि पट्टा बांधलेला नव्हता. त्यानंतर काही आठवडे सगळा देश मागच्या पट्ट्याबद्दल बोलत होता. त्या चर्चेत मुलांचा विषय आम्हाला क्वचितच ऐकू आला.

कारखान्यांकडे परत येऊ, कारण तिथे काही चांगलं घडलेलं आहे आणि ते सांगायला हवं. 2014 साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच लोकप्रिय लहान गाड्या भिंतीवर आदळून पाहिल्या. पाचांनाही मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्यांत चाकणला बनणारी फोक्सवॅगन पोलो होती, एअरबॅग नसलेली. कंपनीने ती आवृत्ती मागे घेतली, आणि एअरबॅग असलेल्या पोलोला चार तारे मिळाले. गाडी तीच, कारखाना तोच. 2020 साली महिंद्रची नवी थार आली. सुरुवातीला तिच्या काही आवृत्त्यांत मागे तीच जुनी समोरासमोर बाकडी होती. काही महिन्यांतच ती बंद झाली आणि सगळ्या थारमध्ये समोर तोंड असलेली आसनं आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये थारला मोठ्यांसाठी चार आणि मुलांसाठीही चार तारे मिळाले. जुन्या जीपचं ते बाकडं त्या घराण्याच्या थेट वारसदारातून गेलं, ही आमच्या मते छोटी घटना नाही. वर्तमानपत्रांनी तिला चार ओळी दिल्या. 2022 साली चाकणला बनणाऱ्या स्कॉर्पिओ-एनला मोठ्यांसाठी पाच तारे मिळाले, मुलांसाठी तीन. आणि ऑक्टोबर 2023 पासून आपली स्वतःची भारत एनकॅप पद्धत सुरू झाली, तिच्या पहिल्याच निकालात टाटांच्या हॅरियर आणि सफारीला दोन्ही बाजूंनी पाच-पाच तारे मिळाले. या दोन्ही गाड्या पिंपरीत बनतात.

पण तारे बघताना एक गोष्ट विचारात घ्या. या चाचण्यांत मुलांच्या जागी दोन पुतळे बसवतात, एक दीड वर्षाच्या बाळाचा आणि एक तीन वर्षांच्या मुलाचा. दोघेही व्यवस्थित सुरक्षा-आसनात, दुसऱ्या रांगेत. आमची भाची आठ वर्षांची होती आणि बाकड्यावर होती. तिच्या वयाचा, तिच्या जागेवरचा पुतळा त्या चाचणीत नाही. पाच ताऱ्यांच्या गाडीच्या डिकीत चार मुलं कोंबली तर त्यांच्या वाट्याला त्यातला एकही तारा येत नाही.

आणि या पट्ट्यातली सगळी मुलं काही पाच ताऱ्यांच्या गाडीत बसत नाहीत. 11 ऑगस्ट 2025, श्रावणी सोमवार. खेड तालुक्यातल्या पापळवाडीच्या महिला पिकअप गाडीत बसून पाईटजवळच्या कुंडेश्वराला दर्शनाला निघाल्या होत्या. चढावर गाडी मागे आली आणि दरीत कोसळली. अनेक बायका गेल्या, अनेक जखमी झाल्या. पिकअप ही मालाची गाडी. तिच्या मागे आसन नाही, पट्टा नाही, नुसता हौदा आणि फाळका. चाकणच्या कारखान्यांपासून ती जागा फार दूर नाही. देवाला जायला दुसरं वाहन नव्हतं, किंवा परवडणारं नव्हतं. त्या बायकांना कायदा सांगायला जाणं आम्हाला जमणार नाही. त्यांच्या गावाला श्रावणात जादा एसटी का नाही, हे विचारता येईल, आणि ते विचारायला हवं.

ज्यांच्याकडे स्वतःची गाडी आहे, त्यांच्यासाठी मात्र दोन-चार गोष्टी, कारण मागच्या आठवड्यात बऱ्याच जणांनी पत्रातून तेच विचारलं आहे. तान्हं बाळ, निदान पंधरा महिन्यांचं होईपर्यंत, उलट्या तोंडाने, म्हणजे गाडीच्या मागच्या बाजूकडे बघत, सुरक्षा-आसनात. स्वीडनमध्ये साठच्या दशकात बेर्टिल आल्डमान यांनी अंतराळवीरांच्या आसनांवरून ही कल्पना घेतली, आणि ती टिकली. जिथे एअरबॅग चालू आहे अशा पुढच्या आसनावर असं आसन कधीही लावू नये. थोडं मोठं मूल आसनात, पट्ट्याच्या आधारे, किंवा गाडीत आयसोफिक्सच्या कड्या असतील तर त्यांच्यात अडकवून. त्या कड्या बहुतेक गाड्यांत मधल्या रांगेत असतात, तेव्हा मुलांची जागा तीच. त्याहून मोठं मूल उंची साधारण 150 सेंटिमीटर होईपर्यंत उंचवट्याच्या आसनावर, म्हणजे पट्टा गळ्यावर न येता खांद्यावर येतो. आपल्याकडे या आसनांसाठी एआयएस-072 हे मानक आहे. विकत घेताना दुकानदाराला विचारा. त्याने चेहरा कोरा ठेवला तर दुसरं दुकान बघा.

आणि एक जण विचारतात, जुन्या जीपची कडेची बाकडी काढून कारागिराकडून समोर तोंड असलेली सीट बसवून घ्यावी का? घेऊ नये. कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते पक्कं केलं. कायदा बाजूला ठेवला तरी, पट्टा ज्या बोल्टला अडकवलेला असतो तो बोल्ट धडकेत निघून येत नाही याची कारखान्यात चाचणी झालेली असते. गल्लीतल्या वेल्डिंगची कुठे झालेली असते? कारागीर प्रामाणिक असतो, वेल्डिंग चांगलंही असेल. पण चारशे किलोची ओढ त्याने कधी पाहिलेली नसते.

आता एक प्रश्न घेतो आणि थांबतो. महाळुंग्याहून एका ताईंनी लिहिलंय: "सर, आमच्याकडे एक जुनी जीप आहे, मधल्या रांगेत तीन पट्टे. जावांची मिळून मुलं पाच. शाळा चार किलोमीटरवर. आम्ही काय करावं?" ताई, आम्ही भाचीला विचारून उत्तर देतोय, कारण गुणवत्ता विभागाची माणसं अशा बाबतीत आमच्यापेक्षा नेमकी असतात. ती म्हणाली, दोन खेपा करा. आम्ही म्हटलं, डिझेल? ती म्हणाली, मामा, चार किलोमीटरच आहे.